दक्षिणा, फेलोशिप आणि रमण्याचं दार

(मोठी पोस्ट आहे. वेळ असेल तेव्हा सावकाश वाचा.)

माझी भाची पीएचडी करते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा कुठल्या इयत्तेत सुटते आणि का सुटते, हा तिचा विषय. तिच्या फेलोशिपचे पैसे सात महिने आलेले नाहीत. कुठल्या संस्थेची फेलोशिप ते इथे लिहीत नाही, तिनेच तशी शपथ घातली आहे. गणपतीत सगळे जमलो होतो. आमचे एक नातेवाईक, पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करून आता पेन्शन घेणारे, मोदक फोडता फोडता तिला म्हणाले, "लोकांच्या पैशावर किती दिवस शिकणार गं? एवढं शिकून उजेड काय पाडणार?" २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपवरून जे काही बोललं गेलं, तीच चाल. भाची काही बोलली नाही. मोदकावर तूप ओतत राहिली.

मी तेव्हा गप्प बसलो, याचं वाईट वाटतंय. पण त्या दिवसापासून डोक्यात पुण्याचा दक्षिणा फंड घोळतोय. लोकांच्या पैशावर शिकण्याची आपल्याकडची ही बहुधा सगळ्यात चमत्कारिक गोष्ट असेल. ज्या पैशाने जुनं जपायचं, त्याच पैशावर जुन्याला हादरे देणारी माणसं कशी वाढली, आणि तरीही त्या पैशाच्या दारात उभं राहणारं माणूस फारसं का बदललं नाही, अशी ही गोष्ट आहे.

सुरुवात तळेगाव दाभाड्याची. सेनापती खंडेराव दाभाडे दर श्रावणात तिथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. (ही प्रथा शिवकाळापर्यंत मागे नेणारेही आहेत.) १७३१ साली डभोईच्या लढाईत खंडेरावांचा मुलगा त्रिंबकराव थोरल्या बाजीरावाशी लढताना पडला. दाभाड्यांचं वैभव उतरणीला लागलं आणि दक्षिणा पुण्यात आली. म्हणजे सेनापतीला रणात हरवलं आणि त्याचा दानधर्मही पेशव्यांनी पुढे चालवला. दान देण्याचा मान हीसुद्धा सत्ताच असते, हे त्या काळच्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पेशवाईत दक्षिणेचा पसारा फार वाढला. काशीपासून कर्नाटक-तेलंगणापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याकडे निघत. नावाजलेल्या शास्त्र्यांची वाड्यात परीक्षा होई, त्यांना शालजोडी आणि मोठी रक्कम मिळे. बाकीच्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. भिंतींनी बंदिस्त केलेलं मोठं आवार. सगळ्यांना आत घ्यायचं, दारं लावायची आणि मग एकेकाला दारातून बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवायचे, म्हणजे तोच माणूस पुन्हा रांगेत उभा राहायला नको. आपल्या बायोमेट्रिकचं काम तेव्हा रमण्याचं दार करत असे! वर्षाचा खर्च लाखांत जाई. सगळे काही मोठे पंडित नव्हते. कित्येक जण संध्येपुरतं येणारे गरीब भिक्षुक होते आणि ते चार पैसे त्यांच्या वर्षाच्या गणितात धरलेले असत. पण दाराचा नियम एकच. विद्या म्हणजे वेदशास्त्र आणि विद्वान म्हणजे ब्राह्मण. पैसा मात्र रयतेच्या साऱ्यातून आणि चौथाईतून आलेला, म्हणजे ज्याला त्या दारातून कधीच जाता येणार नव्हतं त्याचा.

१८१८ ला पेशवाई बुडाली. आता खरं तर ही दक्षिणाही बुडायला हवी होती. खर्चाच्या बाबतीत कंपनी सरकार म्हणजे पक्का व्यापारी. पण एल्फिन्स्टननं साताऱ्याला जाहीरनामा काढून वतनं, इनामं, वर्षासनं आणि देवधर्माचे खर्च सांभाळण्याचं वचन दिलं होतं. शिवाय पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरला तर नवं राज्य टिकवणं अवघड जाईल, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे दक्षिणा बंद झाली नाही, कमी झाली. वर्षाला सुमारे ५०,००० रुपयांवर आली. आणि ६ ऑक्टोबर १८२१ ला, दक्षिणेच्याच पैशातून काही भाग काढून, पुण्यात हिंदू कॉलेज उघडलं. कुठे? विश्रामबाग वाड्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात. मालक ब्रह्मावर्ताला पेन्शनीवर आणि त्याच्या वाड्यात इंग्रजांच्या खर्चानं वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष शिकवणारे शास्त्री.

म्हणजे ज्यांनी पेशवाई बुडवली, तेच वेदपाठशाळा चालवत होते. बंगालमध्ये तर आणखी मजा. तिथे सरकार संस्कृत कॉलेज काढायला निघालं, तेव्हा १८२३ साली राममोहन रॉय यांनी गव्हर्नर जनरलला पत्र लिहून विरोध केला. व्याकरणाच्या खाचाखोचांत मुलांची वर्षं घालवू नका, गणित आणि पदार्थविज्ञान शिकवा, असा त्यांचा मुद्दा. साहेब म्हणतो संस्कृत शिका आणि नेटिव माणूस म्हणतो विज्ञान द्या. 'इंग्रजांनी आपली विद्या मारली' आणि 'इंग्रजांनी आपल्याला शहाणं केलं' ही दोन्ही वाक्यं ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांनी हे पत्र एकदा जरूर वाचावं.

पुण्याकडे परत येऊ. १८३० च्या दशकात सरकारनं एक निर्णय घेतला, वरवर पाहिलं तर अगदी कारकुनी. दक्षिणेच्या यादीत नवं नाव घालायचं नाही. आज ज्यांना मिळते त्यांना मरेपर्यंत मिळेल, पुढे ती रक्कम शिल्लक. दरवर्षी काही म्हातारे शास्त्री जात आणि तेवढी रक्कम फंडात साठे. कुठलीही बंदी नाही, दंगा नाही, धर्मात ढवळाढवळ नाही. संस्था बंद करायची असेल तर ती मरू द्यायची. ही सरकारी युक्ती आजही जोरात आहे. पद रद्द करायचं नाही, निवृत्तीनंतर ते भरायचंच नाही, एवढं केलं की पुरतं.

मग प्रश्न आला, या शिलकीचं काय करायचं?

१८४९ साली पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. पुढाकार गोपाळ हरी देशमुखांचा, म्हणजे लोकहितवादींचा. आदल्याच वर्षी 'प्रभाकर'मधून त्यांची शतपत्रं सुरू झाली होती. या माणसाचं घराणं पाहा. वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. पेशवाईच्या शेवटच्या सेनापतीच्या फडणिसाचा मुलगा म्हणतो की या पैशातून मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्या, आणि जात बघू नका.

पुण्यात भडका उडाला. सनातनी मंडळींचं म्हणणं आपण आज हसून सोडून देतो, पण कागदावर त्यांची बाजू कच्ची नव्हती. हा धर्मादाय पैसा आहे, ज्या हेतूनं सुरू झाला त्याच हेतूवर खर्च व्हावा, आणि सरकारनं १८१८ ला वचन दिलं आहे. कुठल्याही ट्रस्टचा वकील आज हेच बोलेल. लोकहितवादींच्या बाजूला कागद नव्हता. त्यांच्याकडे होता तो साधा प्रश्न. पैसा रयतेचा असेल, तर त्यातून रयतेला काय मिळालं? गंमत अशी की हा घरातला तंटा दोघांनीही नेला साहेबाकडेच. धर्म वाचवायला निघालेले आणि समाज सुधारायला निघालेले, दोघांचेही अर्ज एकाच कचेरीत.

अर्ज करणाऱ्यांना धमक्या आल्या. तेव्हा त्यांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली दोनशेक माणसं घेऊन उभे राहिले, असं फुल्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. जोतीराव तेव्हा बावीस वर्षांचे. भिडे वाड्यातली मुलींची शाळा नुकतीच सुरू झाली होती. ब्राह्मण सुधारकांच्या अर्जाला माळ्याच्या पोराचा पहारा! हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. पुढे लागणार आहे.

सरकारनं अर्ज मानला. दक्षिणा प्राइज कमिटी आली. १८५१ साली संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. त्या इमारतीसाठी मोठी देणगी जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरची, पारशी माणसाची. फंडातून मराठी ग्रंथांना आश्रय मिळू लागला. परशुरामतात्या गोडबोल्यांनी केलेली संस्कृत नाटकांची मराठी भाषांतरं या कमिटीमुळे लोकांच्या हातात पडली. संस्कृत जपण्यासाठी ठेवलेला पैसा संस्कृतला मराठीत आणायला लागला. पाठशाळेतच घडलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर पुढे या कमिटीच्या कामात आले. त्यांनी १८५२ साली मराठीत कोणाचं चरित्र लिहिलं? सॉक्रेटिसाचं. तरुणांना बिघडवतो म्हणून ज्याला विष पाजलं, त्याचं.

आणि मग फेलोशिप. हा शब्द काही परवा आलेला नाही. 'दक्षिणा फेलो' ही पदवी एकोणिसाव्या शतकात मोठ्या मानाची होती. हुशार पदवीधराला दरमहा रक्कम द्यायची, त्यानं थोडं शिकवायचं आणि आपला अभ्यास करायचा. आता नावं वाचा.

महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकमध्ये पास झालेल्या मोजक्या मुलांतले एक. दक्षिणा फेलो. पुढे प्रार्थना समाज, विधवाविवाहाची चळवळ, सार्वजनिक सभा. (आणि १८७३ ला स्वतःचं दुसरं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी. वडिलांपुढे मान तुकवली. हा विरोधाभास त्यांच्या नावापुढे कायमचा चिकटला. पण त्या मुलीला त्यांनी शिकवलं आणि ती रमाबाई रानडे झाली, हेही तितकंच खरं.)

रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दक्षिणा फेलो. गौड सारस्वत, म्हणजे शेणवी. ज्यांना षट्कर्माचा अधिकार आहे की नाही यावर पेशवाईत आणि नंतरही वादांचे ढीग पडले, त्या जातीतला माणूस दक्षिणेवर संशोधन करतो. आणि संस्कृतचा एवढा मोठा पंडित १८९१ साली आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून देतो. त्यासाठी आधार कुठला? धर्मशास्त्राचाच.

आणि गोपाळ गणेश आगरकर. एम. ए. करताना डेक्कन कॉलेजात दक्षिणा फेलो. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, हलाखीत वाढलेला मुलगा. देव, धर्म, सोवळं, केशवपन यांवर ज्याची लेखणी वाघासारखी तुटून पडली, ज्याच्या जिवंतपणी सनातन्यांनी ज्याची प्रेतयात्रा काढली, तो काही काळ जेवला कशावर? श्रावणमासातल्या ब्राह्मणदक्षिणेवर. ज्यानं कुणी ही प्रथा सुरू केली, त्याला हे सांगून पटलं असतं का?

रानड्यांची एक हकिकत सांगायलाच हवी. विद्यार्थी असताना त्यांनी मराठ्यांच्या राज्याची बाजू घेणारा निबंध लिहिला. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रांट भडकले आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मराठी राज्याच्या पुण्याईतून वाढलेल्या पोराला मराठी राज्याबद्दल बरं बोलला म्हणून दंड, आणि दंड करणारा कोण, तर त्या राज्याची तिजोरी ताब्यात घेतलेलं सरकार! ग्रांट माणूस वाईट नव्हता, मुलांवर त्याचा जीव होता. पण 'आमच्या पैशावर शिकतोस आणि आम्हालाच...' हे वाक्य कुठल्याही सरकारच्या तोंडी आपोआप येतं. तिजोरीच्या किल्ल्या कंबरेला लागल्या की पैसा आपलाच वाटायला लागतो.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे, पुण्याच्या सभांतून सांगायला एकदम सोयीची. बहुतेक वेळा ती इथेच थांबवतात. मला थोडं मागे जायचं आहे.

१६ नोव्हेंबर १८५२. ठिकाण तेच, विश्रामबाग वाडा. मेजर कँडींच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला, शालजोडी देऊन. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात शालजोडी मिळायची ती शास्त्र्यांना. आता पेशव्यांच्याच वाड्यात ती माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर होती, आणि तीही मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना शिकवल्याबद्दल. फुल्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून मदतही मिळत होती. उलथापालथ म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

पुढे तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीरावांनी एक नाटक लिहिलं. 'तृतीय रत्न'. गरोदर कुणबीण, तिचा भोळा नवरा, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी, मधूनमधून बोलणारा विदूषक आणि शेवटी शाळेत जायचं ठरवणारं ते जोडपं. भाषा अस्सल मराठी, विषय लोकोपयोगी. १८४९ च्या अर्जात मागितलं होतं नेमकं तेच, आणि तेही अर्ज करणाऱ्यांसाठी पहारा दिलेल्या माणसानं लिहिलेलं. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. कमिटीनं स्वीकारलं नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी स्वतः याबद्दल लिहून ठेवलं आहे. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असा त्यांचा आरोप.

नियमात जात नव्हती. कुणीही मराठीत लिहावं, कुणालाही बक्षीस मिळावं. पण वाचणार कोण, पसंत कोण करणार? तो पाठशाळेत आणि कॉलेजात घडलेलाच वर्ग, कारण मराठीत शिकलेले म्हणून दुसरे होते कुठे? शाकुंतलाच्या मराठी भाषांतराला ग्रंथ म्हणून ओळखायला त्यांना अडचण आली नाही. कुणबिणीच्या तोंडची मराठी त्यांना ग्रंथासारखी वाटली नसणार. दुष्टपणाच असेल असं नाही. आपल्या कानाला जे परकं लागतं ते आपल्याला कमअस्सल वाटतं, आणि तसं वाटतंय हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्या मते हे जाणूनबुजून केलेल्या अन्यायापेक्षा जास्त चिवट असतं, कारण त्याच्याविरुद्ध अर्ज कुठे करायचा तेच कळत नाही.

फेलोशिपचंही तेच. दार उघडं, पण दारापर्यंतचा रस्ता आधी प्राथमिक शाळा, मग हायस्कूल, मग कॉलेज. तो रस्ता ज्यांना चालता आला ते कोण होते, हे वरच्या तीन नावांवरून दिसतंच. १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर दिलेल्या निवेदनात फुल्यांनी हेच मांडलं. सरकारचं उत्पन्न येतं कष्टकऱ्यांच्या श्रमातून, शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गावर, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सुधारकांनी दक्षिणेचा हेतू बदलला. रानडे-आगरकरांसारखी माणसं त्यातून निघाली आणि त्यांनी आपापल्या घरातले देव्हारे हलवले, हे ऋण मी तरी नाकारणार नाही. पण रमण्याच्या भिंतीबाहेर जो उभा होता, तो बहुतांशी बाहेरच राहिला. कृष्णशास्त्र्यांचेच चिरंजीव विष्णुशास्त्री १८७४ पासून 'निबंधमाला' लिहू लागले आणि त्यांनी लोकहितवादी आणि फुले दोघांनाही सोलून काढलं. बापानं मराठीत सॉक्रेटिस आणला, मुलानं फुल्यांच्या मराठीच्या व्याकरणाची टिंगल केली.

'तृतीय रत्न' छापून आलं १९७९ साली. लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी.

आमच्या त्या नातेवाइकांना हे सगळं फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं. केला नाही. त्यांचं पेन्शनही लोकांच्याच पैशातून येतं आणि ते त्यांच्या हक्काचं आहे, यावर आमचं एकमत होईल. पुढच्या वाक्याला भांडण होईल.

भाचीला मात्र रविवारी सांगितलं. ती पोहे खात ऐकत होती. आगरकरांच्या फेलोशिपवर हसली, 'तृतीय रत्न'ला तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली. रानड्यांची सहा महिने बंद झालेली शिष्यवृत्ती सांगितली तेव्हा जरा विचार करून म्हणाली,

"मामा, मग त्यांना नंतर ते सहा महिन्यांचे एकदम मिळाले, की बुडाले?"